थंडीत कोंबड्यांचं दाणा-पाणी: खुराड्यात, पडवीत की उन्हात?

विचारणा थोडक्यात अशी: वाईजवळच्या एका गावात घरामागच्या परसात १८ कोंबड्या आहेत, १२ गावरान आणि ६ गिरिराज. पत्र्याचं ६ बाय ८ फुटांचं खुराडं, त्याला लागून तिन्ही बाजूंनी उघडी पडवी. दिवाळीनंतर अंडी निम्म्यावर आली. सकाळी कोंबड्या पाण्याला चोच लावत नाहीत, आणि बाहेर राहिलेला भरडा दहिवराने भिजून गोळा होतो. सासूबाईंचं म्हणणं, दाणा-पाणी रात्री खुराड्यातच ठेवावं. मालक म्हणतात, बाहेरच बरं. खरं कोणाचं?

ताई, दोघांचंही अर्धं-अर्धं खरं आहे. दाणा छपराखाली हवा, पण कोंबड्या झोपतात त्या छपराखाली नको. पाणी सकाळचं पहिलं ऊन जिथे पोचतं तिथे हवं. रात्री दार लावल्यावर खुराड्यात यातलं काहीच नको. याला चार अपवाद आहेत, ते पुढे येतील. पण आधी हे असं का, ते समजून घ्या. कारण कळलं की तुमच्या परसात जागा कुठली ते तुम्हीच माझ्यापेक्षा बरं ठरवाल.

थंडीतल्या कोंबड्यांबद्दल वाचायला मिळतं ते बरंचसं बर्फ पडणाऱ्या मुलखातलं असतं. तिकडे पाणी गोठतं, म्हणून ते आत घ्यायचं, त्याखाली विजेची तबकडी ठेवायची, असा सगळा खटाटोप. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला एखाद्या पहाटे दव गोठतं. तेवढा पट्टा सोडला तर सातारा-सांगलीत पाणी गोठायचा प्रश्नच नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. पहाटे पारा १०-१२ अंशांवर आणि दुपारी २८-३० वर, म्हणजे एकाच दिवसात दोन ऋतू. त्यात रात्रभर पडणारं दहिवर, बंद खुराड्यात साठणारी ओल आणि आखडलेला दिवस. दाणा-पाण्याची जागा ठरवायची ती या गोष्टींकडे बघून. नुसत्या गारठ्याकडे बघून नव्हे.

यातही गावागणिक फरक पडतो. माण-खटावकडची हवा कोरडी. तिथे दव कमी आणि धूळ जास्त, भरडा भिजण्याऐवजी मातीने भरतो. कृष्णाकाठी, म्हणजे वाईपासून खाली कऱ्हाड, वाळवा, पलूसपर्यंत, उसाला पाणी सुरूच असतं. तिथे धुकं आणि दव दोन्ही जास्त. तुमच्याकडे धोमच्या पाण्याची आणि नदीची ओल आहेच, शिवाय पश्चिमेला पाचगणीचं पठार आडवं आलेलं. डोंगराच्या कुशीतल्या गावांत घड्याळातला सूर्यास्त व्हायच्या कितीतरी आधी सावली पडते, आणि कोंबडी चालते ती सावलीच्या हिशोबाने. माझे आकडे म्हणूनच पंचांगासारखे घेऊ नका, अर्धा तास इकडेतिकडे तुम्हालाच करावा लागेल.

रात्री आत का नको

कोंबडीला अंधारात दिसत नाही म्हटलं तरी चालेल. एकदा दांडीवर बसली की उजाडेपर्यंत ती ना खाते ना पिते. संध्याकाळी गळ्याखालची पिशवी भरून घेते आणि त्यातलाच दाणा रात्रभर थोडाथोडा पोटात सोडते. म्हणजे रात्री आत ठेवलेला भरडा कोंबडीसाठी नसतोच, तो उंदीर-घुशींसाठी असतो. उंदरामागे धामण येते, नागही येतो. मग अंडी काढायला भल्या पहाटे अंधारात हात घालणाऱ्या बाईमाणसाची पंचाईत.

पाण्याचं त्याहून वाईट. आत ठेवलेलं भांडं पहाटेच्या पहिल्या झटापटीत लवंडतं, खालचा भुसा किंवा तूस भिजतं. एरवीही १८ कोंबड्यांच्या श्वासातून आणि विष्ठेतून रात्रभरात भरपूर पाणी बाहेर पडतं. त्यात थंडी लागू नये म्हणून आपण चहूबाजूंनी पोती बांधतो. ओल्या विष्ठेतून निघणारा अमोनिया मग आतच कोंडतो. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, श्वासाची घरघर हे सगळं आपण थंडीच्या नावावर खपवतो. पण धडधाकट, पिसांनी भरलेली मोठी कोंबडी १० अंशांत आजारी पडत नाही. ती आजारी पडते ओल आणि कोंडलेल्या हवेने.

तपासायचं कसं? पहाटे दार उघडलं की वाकून तोंड कोंबडीच्या उंचीला न्या आणि श्वास घ्या. उभ्याने वास आला नाही म्हणून समाधान मानू नका. डोळे चुरचुरले तर हवा खराब आहे असं समजा. मग खालचं तूस मुठीत दाबून सोडा. लाडू तसाच राहिला तर ते ओलं आहे, भुगा होऊन पडलं तर ठीक आहे. ओल्या जागेवर नुसता चुना भुरभुरवायची पद्धत आहे. त्याने वास आधी वाढतो, कारण चुना अमोनियाला मोकळा करतो. ओला थर खुरप्याने उचलून उकिरड्यावर टाका, तिथे कोरडं तूस घाला. उसाचं पाचट वापरणार असाल तर कोयत्याने बोटभर लांबीचे तुकडे करून घाला. लांब पाचटाची चटई होते आणि तिच्याखाली बुरशी धरते.

पोती लावायचीच असतील तर कोंबड्या बसतात त्या उंचीपर्यंत लावा. दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्यावर हातभर अंतर सोडून, छपराच्या खाली, वीतभर रुंदीची जाळीची पट्टी उघडीच राहू द्या. जाळी बारीक हवी, मुंगूस शिरेल अशी नको. वारा कुठून येतो हे पहाटे सहाला एक उदबत्ती पेटवून आत धरली की कळतं. थंडीत आपल्याकडे वारा बहुतेक पूर्व-ईशान्येकडून असतो, त्यामुळे आधी ती बाजू झाका. धूर दांडीवरून आडवा वाहत गेला तर कोंबड्यांना झोत लागतोय. सरळ वर जाऊन जाळीतून बाहेर पडला तर काम झालं.

सासूबाईंचं बरोबर ते काय

जुन्या बायका खुराड्यात दाणा टाकायच्या त्याला कारण होतं. मूठभर ज्वारी आत टाकली की कोंबड्या हाकाटी न करता आत जातात. ते जरूर चालू ठेवा. फक्त पाच मिनिटांत संपेल एवढंच टाका, तळाशी उरायला नको.

दुसरं म्हणजे संध्याकाळचं पोट. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि ते रात्रभर टिकवायला जळण लागतं. ते जळण म्हणजे संध्याकाळचा अख्खा किंवा जाडा भरडलेला दाणा. बारीक पिठासारखं खाद्य पिशवीतून लवकर पुढे सरकतं, मका-ज्वारी हळू. म्हणून थंडीत सकाळी भरडा किंवा लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य आणि संध्याकाळी दाणा, अशी वाटणी मी सांगतो. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाद्य लागतं. गावरान अंगाने लहान, तिला काहीसं कमी. परसात मोकळी फिरणारी कोंबडी किडा-मुंगी, पाला, सांडलेलं धान्य खाऊन त्यातलं बरंच स्वतःच भागवते. पण थंडीत किडे कमी होतात आणि भूक वाढते. तुमच्या १८ कोंबड्यांना सकाळी सव्वा ते दीड किलो आणि संध्याकाळी अर्धा किलोच्या वर दाणा, म्हणजे कोंबडीमागे छोटी मूठ, इथून सुरुवात करा. आठ दिवसांनी दोन-तीन कोंबड्या उचलून छातीचं हाड चाचपा. हाड धारदार लागलं तर वाढवा, मांसात बुडालं असेल तर कमी करा.

संध्याकाळची ही वेळ मात्र थंडीत फसवते. सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरला येतो, पण सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटी, सहाच्या आधीच. आणि सकाळी सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यात, संक्रांतीच्या आसपास, सात वाजून गेल्यावर. ऑक्टोबरमध्ये साडेपाचला दाणा टाकायची सवय तशीच राहिली तर नोव्हेंबरात कोंबड्या अर्ध्या पोटी दांडीवर चढतात. तुमच्याकडे डोंगराची सावली लक्षात घेता पावणेपाच हीच वेळ धरा.

त्याच वेळी शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंड्याचं कवच मुख्यतः रात्री तयार होतं, तेव्हा पोटात कॅल्शियम हवं. भरड्यात मिसळलेला चुरा अजून अंड्यावर न आलेल्या तलंगांच्या (कोवळ्या कोंबड्यांच्या) आणि कोंबड्याच्या पोटात विनाकारण जातो. वाटीत ठेवला की जिला गरज ती बरोबर शोधते.

पाणी

सकाळी न पिण्याचं कारण बहुतेक वेळा गारपणा हेच असतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी रात्रभरात हवेइतकं गार होतं. रात्री अंगणात राहिलेलं पसरट भांडं तर हवेपेक्षाही गार होतं, कारण उघड्या आभाळाखाली त्याची ऊब निघून जाते. मातीच्या थाळ्याचा आणखी एक दोष आहे: माठ जसा पाझरून गार होतो तसाच तोही होतो. एप्रिलमध्ये त्यासारखं भांडं नाही, डिसेंबरमध्ये त्यासारखं वाईट नाही. आता ते उचलून ठेवा आणि प्लॅस्टिकचा ड्रिंकर घ्या.

विहीर किंवा बोअर असेल तर निम्मं काम झालंच. जमिनीखालचं पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाचं असतं, म्हणूनच थंडीत ते हाताला कोमट लागतं. सकाळी मोटर चालू केल्यावर पाइपातलं गार पाणी वाहून जाऊ द्या आणि मागून येणारं भरा. टाकीशिवाय सोय नसेल तर घरात बंब पेटलेला असतोच. तीन-साडेतीन लिटर गार पाण्याला अर्धा लिटर कढत पाणी पुरतं. बोट घातल्यावर गारही नको आणि गरमही नको. त्याहून गरम करू नका. कोंबडी फार ऊन पाणीही टाळते.

किती? खाल्लेल्या खाद्याच्या साधारण दुप्पट वजनाचं पाणी लागतं. १८ कोंबड्यांना दिवसाला साडेतीन ते साडेचार लिटर. एक मोठं भांडं ठेवण्यापेक्षा दोन-दोन लिटरची दोन ठेवा. पाणी कमी प्यायलं की खाणं कमी होतं आणि खाणं कमी झालं की अंडं. हा क्रम दोन-तीन दिवसांत दिसतो, म्हणून थंडीत अंडी घटली की मी आधी ड्रिंकर बघतो, खाद्याची गोणी नंतर.

आता जागा. डिसेंबरात सूर्य बराच आग्नेयेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडे कललेला राहतो. भर दुपारीसुद्धा तो आपल्या डोक्यावर नसतो, क्षितिजापासून साधारण ४९ अंशांवरच असतो. म्हणजे ८ फूट उंच भिंतीची सावली दुपारी साडेबाराला उत्तरेकडे सुमारे ७ फूट पडते. घराच्या उत्तरेची जी जागा मे महिन्यात सोयीची होती ती थंडीत दिवसभर ओलसर आणि गार. पाणी बहुतेक घरांत तिथेच राहून जातं, कारण नळ तिथे असतो. ड्रिंकर घराच्या किंवा खुराड्याच्या पूर्व-आग्नेय अंगाला आणा. नक्की कुठे, ते एका सकाळी साडेसातला परसात उभं राहून बघा. कोवळ्या उन्हाची पहिली तिरीप जिथे पडते तिथेच कोंबड्या आपोआप पंख पसरून बसलेल्या दिसतील. पाणी त्यांच्यापासून चार पावलांवर ठेवा.

उलट्या बाटलीसारखा ड्रिंकर उन्हात ठेवला की एक गंमत होते, आणि ती माहीत नसेल तर लोक ड्रिंकर फुटका समजून फेकतात. आतलं पाणी अर्धं झालं की वर हवा असते. ऊन लागून ती हवा फुगते, पाणी खाली ढकलते आणि कडेवरून पाणी वाहू लागतं. जागा चिखल होते, कोंबड्या तोच चिखल तुडवतात. उपाय दोन: सकाळी काठोकाठ भरा म्हणजे आत हवा कमी राहते, आणि दहा-साडेदहानंतर ऊन तापलं की भांडं झाडाच्या विरळ सावलीत सरकवा. आणखी एक चूक म्हणजे तिरपी जागा. ड्रिंकर एका बाजूला कलला की खालच्या कडेवरून गळतो. खाली सपाट फरशी ठेवा आणि भोवती दोन फुटांपर्यंत खडी पसरा. उन्हात पारदर्शक भांड्याला हिरवं शेवाळ धरतं, ते रोज काथ्याने घासा.

दुपारी आपल्याकडे ऊन चांगलंच लागतं, हे थंडीच्या नादात विसरायला होतं. दुपारी एकला भांडी एकदा बघायची आणि चारला पुन्हा ताजं पाणी भरायचं. चारचं पाणी महत्त्वाचं, कारण संध्याकाळचा कोरडा दाणा त्यावरच भिजतो. अंधार पडला की भांडी रिकामी करून पालथी घाला.

दाणा

दहिवर पडतं ते उघड्या आभाळाखाली. वर काहीही आडोसा असला, अगदी आंब्याची दाट फांदी असली, तरी खाली फार कमी पडतं. त्यामुळे तुमची पडवी ही दाण्याची बरोबर जागा आहे, पण दोन गोष्टी सांभाळून. कडेपासून निदान तीन फूट आत ठेवा, धुकं वाऱ्याबरोबर आत शिरतं. आणि पत्र्याचा घाम बघा. रात्री पत्रा बाहेरून गार होतो, खालची दमट हवा त्याला चिकटते आणि पहाटे थेंब उताराने ओघळत येऊन बोल्टपाशी किंवा वाशापाशी टपटपतात. फीडर नेमका त्याखाली असेल तर छपराखाली असूनही भरडा भिजतो, आणि दोष दवाला जातो. पहाटे जमिनीवर ओल्या ठिपक्यांची रांग दिसली की ती सोडून फीडर ठेवा. पत्र्यावर पाचटाचा हातभर थर पसरून दोरीने आवळला तर घाम जवळजवळ थांबतो, आणि पुढे उन्हाळ्यातही तोच थर कामाला येतो.

फीडर घरी करायचा तर ४ इंची पीव्हीसी पाइप ३ फूट घ्या, वरचा तिसरा हिस्सा लांबीने कापा, दोन्ही टोकांना टोप्या लावा, कडा घासून घ्या. कोंबडीला खाताना साधारण १० सेंटिमीटर कड लागते. तीन फुटी पाइपाच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे १८० सेंटिमीटर होतात, म्हणजे १८ कोंबड्या एका वेळी बसतात. मात्र गिरिराज अंगाने दांडगी, गावरानला ती पाइपाजवळ फिरकू देत नाही. तेव्हा दोन-दोन फुटांचे दोन पाइप करा आणि एकमेकांपासून इतके लांब ठेवा की एका ठिकाणी मार खाल्लेली कोंबडी दुसरीकडे निवांत खाईल. दांडगाई करणारी एकाच वेळी दोन ठिकाणी उभी राहू शकत नाही.

उंचीचा नियम असा: फीडरची कड कोंबडीच्या पाठीच्या पातळीला, पाण्याची कड त्याहून बोटभर वर. खाली राहिला तर त्यात उभ्या राहून उकरतात, हगतात. बहुतेक वेळा दोन विटा पुरतात, पण मोजायचं ते कोंबडीच्या पाठीवरून, विटांवरून नाही. तुमच्याकडे दोन आकारांच्या कोंबड्या आहेत, म्हणून एक पाइप दोन विटांवर आणि दुसरा एकीवर ठेवा. आणि पाइप एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. काठोकाठ भरलेल्या पाइपातलं खाद्य चोचीने उडवून बाहेर टाकतात.

दाणा आणि पाणी यांत अंतर सहा ते आठ फूट. शेजारी-शेजारी ठेवले तर भरड्याची चोच पाण्यात बुडते, पाणी आंबतं, आणि ओल्या चोचीने भरडा भिजतो. फार लांब, परसाच्या दोन टोकांना ठेवले तर दबकून राहणाऱ्या कोंबड्या एकाच ठिकाणी अडकतात.

भिजून गोळा झालेला भरडा वाळवून परत घालण्याचा मोह टाळा. बुरशीने एकदा विष सोडलं की ते उन्हात वाळवून जात नाही आणि शिजवूनही जात नाही. मका आणि शेंगदाण्याची पेंड यांत हा धोका जास्त. गोणी जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून वीतभर सुटी ठेवा. कोमट पाण्यात कालवलेला भरडा सकाळी द्यायला हरकत नाही, कोंबड्या आवडीने खातात आणि तेवढंच पाणीही पोटात जातं. पण वीस मिनिटांत संपेल एवढाच. दुपारच्या उन्हात तो आंबतो.

उघड्यावर दाणा ठेवण्याचा दुसरा धोका

चिमण्या, साळुंक्या, कबुतरं, कावळे. यांच्या विष्ठेतून मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, येऊ शकतो. थंडीत त्यात पाहुण्या पाणपक्ष्यांची भर पडते. आपल्याच जिल्ह्यात मायणी आणि येरळवाडीच्या पाण्यावर ते उतरतात. बर्ड फ्लूची देशातली पहिली मोठी साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आली, तीही थंडी सरतानाच. घाबरायचं कारण नाही, पण अंगणभर दाणा पसरून ठेवू नका. तलावाचं, ओढ्याचं पाणी थेट भांड्यात ओतू नका. पडवीच्या उघड्या बाजूंना कोंबडी आत येईल एवढी वाट सोडून जाळी लावली तर कबुतरं बरीच कमी होतात. मानमोडीची लासोटा लस पाण्यातून देणार असाल तर तीही गोष्ट इथेच सांगतो: थंडीत कोंबडी तहानलेली नसते, म्हणून आधी दोन तास पाणी बंद ठेवावं लागतं. आणि नळाचं क्लोरीनचं पाणी वापरलं तर लस मरते. विहिरीचं घ्या.

मुंगूस दिवसाढवळ्या येतो, आणि पाण्यावर मान खाली घातलेली कोंबडी त्याला सोपी. ड्रिंकरच्या भोवती सात-आठ फूट झुडूप, सरपणाचा ढीग, कडब्याची गंजी काही नको.

चार अपवाद

खुराडं उघडायला तुम्हाला आठ-साडेआठ होत असतील तर आत पाणी लागेलच, कारण कोंबडी सातला जागी होते. अशा वेळी जाळीच्या बाहेर भांडं लावून आतून मान घालता येईल अशी खिडकी करा, किंवा निपल, म्हणजे चोच लावली की थेंब सोडणारी तोटी, बसवा. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो. दोन्हींत सांडलेलं पाणी तुसावर पडत नाही.

अंडी वाढवायला दिवा लावणार असाल तर दाणा-पाणी आत हवंच. डिसेंबरात उजेड जेमतेम ११ तास, आणि अंड्यावरच्या कोंबडीला १४ तासांच्या वर लागतो. दिवा पहाटे लावा. संध्याकाळी लावून अचानक बंद केला तर कोंबड्या अंधारात जमिनीवरच अडकतात. पण गावरान कोंबडीसाठी हा खर्च सहसा परवडत नाही, असं माझं मत.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली असेल तर तिच्या खोक्यापासून तीन-चार फुटांवर वेगळी वाटी ठेवा. अगदी चोचीपुढे ठेवली तर ती उठत नाही, तिथेच हगते आणि अंडी घाण होतात.

आणि पिल्लं. त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करायची असते. दाणा-पाणी दिव्याच्या बरोबर खाली नको आणि गार कोपऱ्यातही नको, उबेच्या वर्तुळाच्या काठावर ठेवा. गार कोपऱ्यात ठेवलं तर पिल्लू ऊब सोडून जात नाही आणि उपाशी राहतं. पाण्याच्या ताटलीत गारगोट्या टाका, नाहीतर त्यात बुडून मरतात. कोंबडीसोबत डालग्याखाली असतील तर आई उकरून पाण्यात माती भरते. ताटली एका सपाट दगडावर ठेवली की निम्मा त्रास वाचतो.

अंड्यांबद्दल

निम्मी अंडी एकट्या पाण्याने गेली असं मी म्हणणार नाही. परसात पिसं पडलेली दिसतायत का? वर्षाच्या वर वय झालेल्या कोंबड्या याच दिवसांत पिसं झाडतात आणि तेव्हा अंडी थांबवतात. ती परत धरायला दोनेक महिने जातात. त्यात दिवस लहान. जागा आणि पाणी सुधारलं तर दहा-बारा दिवसांत थोडी अंडी परत येतील, सगळी नाही. उरलेली संक्रांतीनंतर दिवस मोठा होत जाईल तशी येतील. सर्दी-घरघर, हिरवी हगवण किंवा मान वाकडी दिसली तर मात्र जागेचा विचार सोडा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

दिवसाची रीत पुन्हा एकदा: सातला दार उघडून पूर्वेच्या उन्हात कोमट पाणी आणि पडवीत भरडा. एकला पाणी बघणं. चारला ताजं पाणी. पावणेपाचला दाणा आणि शिंपल्याची वाटी. दिवेलागणीला मूठभर ज्वारी आत, दार बंद, भांडी पालथी, उरलेला भरडा पत्र्याच्या डब्यात. पहिले तीन दिवस पाण्याचं जुनं भांडंही जुन्या जागी राहू द्या. सगळ्या कोंबड्या नव्या जागी पिताना दिसल्या की मग उचला.

होळीच्या सुमारास हे सगळं उलटं करायचं आहे. पाणी परत भिंतीच्या उत्तरेला, पोती खाली, आणि मातीचा थाळा बाहेर.